इंग्रजी शोधनिबंध आणि एआयची मदत: बेळगाव भागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेख मी बरीच वर्षं तपासते आहे. पूर्वी लोक विचारायचे, ‘हे वाक्य बरोबर आहे का?’ आता विचारतात, ‘हे वाक्य चॅटजीपीटीने असं केलंय, ठेवू का?’ व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं पान वाचायला वेळ नसेल तर प्रश्न ४ आणि ५ तेवढे वाचा.

१. ‘एआयचं साधन’ म्हणजे नेमकं काय? ग्रामरली आणि चॅटजीपीटी एकच का?

एकच नाही. साधारण तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार चुकीखाली रेघ ओढून दुरुस्ती सुचवणाऱ्यांचा. २००९ मध्ये सुरू झालेलं ग्रामरली आणि लँग्वेजटूल ही त्यातली माहीत असलेली नावं. दुसरा प्रकार खास शोधलेखनासाठी बनवलेल्यांचा: पेपरपाल, ट्रिंका, राइटफुल. तिसरा प्रकार गप्पा मारत काम करणाऱ्यांचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि आता जेमिनी, क्लॉड वगैरे आहेत. हल्ली पहिल्या दोन प्रकारांतही तिसऱ्याचं इंजिन बसवलेलं असतं, त्यामुळे सीमा पुसट झाली आहे.

कामाचा फरक मात्र लक्षात ठेवा. रेघ ओढणारं साधन तुमच्या वाक्यात हात घालण्याआधी विचारतं. गप्पा मारणाऱ्याला ‘सुधार’ म्हटलं की ते वाक्य नव्याने लिहितं. या शब्दानंतर बहुधा कोणता शब्द येतो, याच्या अंदाजावर ते चालतं. म्हणून ते मजकूर नेहमीच्या, सरावाच्या वाटेकडे ओढतं. तुमचा निष्कर्ष सरावातला नसेल तर ही ओढ महागात पडते. तुम्ही प्रयोगशाळेत काय पाहिलंत, हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्यासमोर असतं ते फक्त तुमचं वाक्य.

२. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. आधी मराठीत लिहून इंग्रजी करून घेऊ, की मोडकं का होईना थेट इंग्रजीत लिहू?

हा प्रश्न खानापूर तालुक्यातून सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संकोच असतो. संकोचायचं कारण नाही. मराठीत स्पष्ट विचार करता येणं ही भांडवलाची गोष्ट आहे.

माझा सल्ला असा: साहित्य (मटेरियल्स), पद्धती आणि निष्कर्ष (रिझल्ट्स) हे भाग थेट इंग्रजीत लिहा, कितीही मोडके असले तरी. तिथली वाक्यं साचेबद्ध असतात आणि तुमच्या विषयातले चार चांगले लेख वाचले की साचा हाताला लागतो. प्रस्तावना आणि चर्चा यांचा पहिला खर्डा मात्र खुशाल मराठीत करा, कारण तिथे युक्तिवाद बांधायचा असतो.

मराठी खर्डा भाषांतराला देताना दोन अडचणी येतात. पहिली आपल्या शब्दांची. ‘प्रमाण’ म्हणजे रेट, रेशो, प्रपोर्शन की नुसती क्वांटिटी? शिवाय पुरावा आणि मानक हेही अर्थ आहेतच. ‘परिणाम’ म्हणजे इफेक्ट की रिझल्ट? ‘ताण’ म्हणजे स्ट्रेस की स्ट्रेन? ‘ओलावा’ मातीतला असेल तर एक शब्द, हवेतला असेल तर दुसरा. मराठी वाचणाऱ्याला हे संदर्भाने कळतं; यंत्र मात्र एक पर्याय निवडून पुढे जातं आणि निवड केल्याचं सांगतही नाही. म्हणून पारिभाषिक शब्द मराठी वाक्यातही इंग्रजीच ठेवा. ‘मातीतला सॉइल मॉइश्चर’ हे कानाला कसंसंच वाटतं, पण खर्डा कुणाला वाचून दाखवायचा नाहीये.

दुसरी अडचण कर्त्याची. ‘नमुने गोळा करून तपासायला दिले’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत कर्ता हवा, म्हणून यंत्र तिथे ‘वी’ घालतं. नमुने आरोग्यसेविकांनी गोळा केले असतील आणि तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत झाली असेल, तर तुमच्या पद्धतीच्या भागात चक्क खोटं विधान शिरलं. मराठी खर्ड्यातच कर्ता लिहून टाका.

३. आपण मराठी लोक कुठे चुकतो? आणि त्या चुका साधन पकडतं का?

पकडतं, आणि छान पकडतं. त्यासाठी वापरायला मी कुणालाही सांगेन.

पहिली चूक ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ची. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे ती कुठे हवीत याची जाण आयुष्यभर घडवावी लागते. दुसरी ‘जरी–तरी’ची. आपल्याकडे ‘जरी पाऊस कमी झाला, तरी पीक आलं’ असं जोडवाक्य होतं, म्हणून इंग्रजीत ‘ऑल्दो’ लिहिलं की पुढे ‘बट’ येतोच. ‘कारण... म्हणून’चंही तसंच. तिसरी काळाची. ‘नमुने २०१९ मध्ये गोळा केले आहेत’ यातलं ‘आहेत’ आपण इंग्रजीत नेतो आणि वर्ष दिलेलं असतानाही ‘हॅव बीन कलेक्टेड’ लिहितो. तिथे साधा भूतकाळ हवा. चौथी ‘डिस्कस अबाउट’सारख्या जादा शब्दयोगींची.

या चारही चुका नुसत्या स्वीकारून पुढे जाऊ नका. एका वहीत आपल्या चुका टिपत राहिलात तर दुसऱ्या लेखापर्यंत निम्म्या थांबतात.

४. मग बिघडतं कुठे? माझं इंग्रजी तर आधीपेक्षा चांगलं दिसतंय.

दिसतं चांगलं, म्हणूनच बिघाड नजरेतून सुटतो. मोडक्या वाक्यात चूक उठून दिसते, गुळगुळीत वाक्यात ती दडून बसते.

सर्वांत मोठा धोका खात्रीच्या पातळीचा. तुम्ही लिहिलेलं असतं: या सवयीचा आणि या आजाराचा संबंध असू शकतो. सुधारून येतं: ही सवय या आजाराला हातभार लावते. ‘मे बी असोशिएटेड विथ’चं ‘कॉन्ट्रिब्यूट्स टू’ झालं. वाक्य आटोपशीर झालं, पण संबंधाचं कार्यकारण झालं. पाहणी एकाच वेळी केलेली असेल तर असा दावा करण्याचा अधिकारच तुम्हाला नाही, आणि समीक्षक नेमका तिथे बोट ठेवतो.

दुसरं, ‘आढळला नाही’ आणि ‘नव्हता’. एका विद्यार्थिनीच्या पाण्याच्या नमुन्यांवरच्या लेखात जड धातू ‘नॉट डिटेक्टेड’ असा उल्लेख होता. साधनाने शब्द वाचवायला त्याचं ‘अ‍ॅब्सेंट’ केलं. उपकरणाची एक मर्यादा असते. तिच्याखालचं ते दाखवतच नाही. ‘आम्हाला दिसला नाही’ हे विज्ञान आहे. ‘नव्हता’ हे विधान त्या उपकरणाच्या जोरावर करताच येत नाही. मराठीत हा फरक आपण रोज पाळतो. घरात शोधून सापडलं नाही म्हणून वस्तू घरात नाहीच, असं कुणी म्हणत नाही.

तिसरं, पुनरुक्ती टाळण्याची हौस. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा नको असं शिकवतात. शास्त्रीय लेखात एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच नाव लागतं. साधन मात्र पहिल्या परिच्छेदात ‘प्रिव्हलन्स’ (एकूण रुग्णांचं प्रमाण) ठेवतं, दुसऱ्यात ‘इन्सिडन्स’ (नव्या रुग्णांचं प्रमाण) करतं, आणि हे दोन वेगळे आकडे आहेत. ‘सिग्निफिकंट’चं ‘सब्स्टॅन्शियल’ किंवा ‘रिमार्केबल’ करतं. संख्याशास्त्रातला अर्थच गेला. ‘अ‍ॅक्युरसी’ आणि ‘प्रिसिजन’ अदलाबदल करतं.

चौथं, गाळणं. परिच्छेद आवळताना ‘फक्त कोरडवाहू शेतांत’ किंवा ‘अठरा वर्षांवरील’ अशा अटी गळून पडतात. वाक्य हलकं होतं आणि निष्कर्ष तुम्ही केला त्यापेक्षा मोठा होतो.

५. मग त्याला सांगायचं तरी काय?

‘इम्प्रूव्ह’ हा शब्द वापरू नका. तो म्हणजे मोकळं रान. मी देते ती सूचना साधारण अशी असते:

‘या परिच्छेदातलं व्याकरण, विरामचिन्हं आणि शब्दांचा क्रम तेवढा दुरुस्त कर. आकडे, एककं, पारिभाषिक शब्द, प्रजातींची व ठिकाणांची नावं, संदर्भ आणि शक्यता दाखवणारे शब्द बदलू नकोस. नवी माहिती घालू नकोस, काही गाळू नकोस. अर्थ संदिग्ध वाटला तर अंदाज न करता मला विचार. शेवटी प्रत्येक बदल कारणासह सांग.’

ही सूचना मराठीत दिली तरी चालते. एका वेळी एकच परिच्छेद द्या. आख्खा लेख दिला की मध्येच सूचना विसरल्यासारखं होतं. बदलांची यादी त्याने दिली तरी तिच्यावर विसंबू नका, कारण यादीत न आलेले बदल मजकुरात सापडतात. वर्डमध्ये दोन दस्तऐवजांची तुलना करण्याची सोय आहे. मूळ आणि सुधारित मजकूर त्यात घाला आणि प्रत्येक बदल एकेक करून स्वीकारा किंवा नाकारा. कंटाळवाणं काम आहे, पण लेखावर नाव तुमचं आहे.

मूळ खर्डा तारखेसह जपून ठेवा. तो का लागतो ते प्रश्न १० मध्ये आहे.

६. बेळगाव लिहू की बेळगावी? साधन कधी हे करतं, कधी ते.

१ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीतलं अधिकृत नाव बेळगावी आहे. पत्ता, अभ्यासक्षेत्र, नकाशा यांत ते लिहा. पहिल्या उल्लेखात जुनं नाव ‘पूर्वीचे’ म्हणून एकदा दिलं की जुनं साहित्य शोधणाऱ्याला तुमचा लेख सापडतो. अपवाद मात्र महत्त्वाचा: आधी छापलेल्या लेखाच्या किंवा ग्रंथाच्या शीर्षकात बेळगाव असेल तर ते तसंच राहिलं पाहिजे. १८८४ च्या बेळगाव जिल्हा गॅझेटिअरचं नाव आज बदलता येत नाही. साधन सगळीकडे एकसारखेपणा आणायला संदर्भयादीतही हात घालतं. म्हणून संदर्भयादी त्याला देऊच नका.

खानापूरबद्दल विशेष सावध राहा. एक आपला, आणि एक सांगली जिल्ह्यातला. एका लेखात अभ्यासक्षेत्राच्या ओळीत ‘खानापूर, महाराष्ट्र’ असं आलेलं मी पाहिलं आहे. लेखकाने फक्त ‘खानापूर तालुका’ लिहिलं होतं, वाक्य पूर्ण दिसावं म्हणून राज्य यंत्राने जोडलं. जिल्हा, राज्य आणि अक्षांश-रेखांश स्वतः लिहा, म्हणजे जोडायला जागाच उरत नाही.

७. आपल्याकडचे शब्द साधनाला कळत नाहीत. बदलून टाकू का?

नका बदलू. पहिल्या उल्लेखात अर्थ द्या आणि पुढे तोच शब्द वापरा. पश्चिम घाटातल्या ‘कुमरी’ शेतीला फिरती शेती म्हणून समजावून सांगा, पण कुमरी हा शब्द जाऊ देऊ नका. जुन्या नोंदींमध्ये तोच आहे. ‘खरीप’, ‘रब्बी’ भारतीय शेतीच्या इंग्रजी लेखनात रूढ आहेत. ‘गुंठा’ ठेवायचा असेल तर सोबत चौरस मीटर द्या: ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर. हे गणित साधनाकडून करून घेऊ नका. लाख आणि कोटीचं मिलियन करतानाही शून्यं स्वतः मोजा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीवर प्रकल्प करणाऱ्या मुलांचा याच जातीचा प्रश्न असतो. ‘कोल्ड शट’, ‘ब्लो होल’, ‘रायझर’ हे ओतकामातले ठरलेले शब्द आहेत. साधनाने त्यांखाली रेघ ओढली तर शब्दकोशात भर घाला आणि पुढे चला.

प्रजातींच्या नावांचं तेच. बारापेडे गुहांमधल्या वटवाघळाचं, ओटोमॉप्स रॉटनायचं, वर्णन १९१३ मध्ये आपल्याच खानापूर तालुक्यातल्या नमुन्यांवरून झालं. ते नाव एका अक्षराने बदललं तरी शोधणाऱ्याला तुमचा लेख मिळणार नाही.

८. संदर्भ शोधून दे म्हटलं तर देतो. वापरू का?

प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय एकही वापरू नका. गप्पा मारणारी साधनं खरे वाटणारे, पण अस्तित्वात नसलेले लेख तयार करतात. लेखकाचं नाव खरं असतं, नियतकालिक खरं असतं, फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. डीओआय क्रमांक (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) टाकून लेख उघडतो का, आणि उघडला तर तो तुमच्या वाक्याला खरोखर आधार देतो का, हे दोन्ही बघा. लोक दुसरं विसरतात.

९. प्लॅजिअरिझम जास्त आलं. पॅराफ्रेज करणाऱ्या, म्हणजे शब्द बदलून तेच पुन्हा लिहिणाऱ्या, साधनातून काढून साम्य कमी केलं तर?

हे करू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे टप्पे आहेत. हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून आकडा खाली आणायची घाई होते. पण दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून मांडली तरी ती उसनीच राहते, आणि साम्य मोजणारं सॉफ्टवेअर फसलं म्हणून वाचणारा फसत नाही.

२०२१ मध्ये फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापून आलेल्या लेखांमधले, अशा शब्दबदलातून आलेले विचित्र शब्दप्रयोग गोळा केले. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’. पॅराफ्रेजच्या यंत्रातून आलेला मजकूर कुणी वाचलाच नव्हता, हे त्यावरून उघड झालं. त्यानंतर असे अनेक लेख मागे घेतले गेले.

साम्य पद्धतीच्या भागात आलं असेल तर ते बऱ्याचदा निरुपद्रवी असतं. मूळ पद्धतीचा संदर्भ द्या, वर्णन दोन ओळींत आटपा आणि तुम्ही केलेला फेरफार तेवढा लिहा. प्रस्तावनेत आलं असेल तर तो लेख मिटून ठेवा, त्यातलं काय कळलं ते मैत्रिणीला मराठीत सांगा, आणि मग लिहा. ही युक्ती माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगी पडली आहे.

१०. सगळं मी स्वतः लिहिलं, फक्त व्याकरण सुधारलं, तरी एआयचा मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर, म्हणजे डिटेक्टर, म्हणतो एआयने लिहिलंय. आता?

घाबरू नका. या डिटेक्टरांचा न्याय आपल्यासारख्यांच्या बाबतीत फार कच्चा आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. कारण असं की आपण मोजके, ओळखीचे शब्द वापरतो आणि डिटेक्टर नेमकं तेच यंत्राचं लक्षण मानतो. ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी बनवलं तिने स्वतःचा डिटेक्टरही काढला होता. तो यंत्राचा जेमतेम २६ टक्के मजकूर ओळखायचा. जुलै २०२३ मध्ये कमी अचूकतेमुळे कंपनीने तो मागे घेतला.

म्हणून पुरावा डिटेक्टरकडून नव्हे, तुमच्याकडून यायला हवा. तारखांचे खर्डे, वहीतल्या नोंदी, गूगल डॉक्सचा आवृत्त्यांचा इतिहास, साधनाशी झालेला संवाद. हे घेऊन मार्गदर्शकांकडे जा आणि कुठल्याही परिच्छेदावर तोंडी प्रश्न विचारा असं सांगा. डिटेक्टरचा आकडा खाली यावा म्हणून चांगलं वाक्य मुद्दाम बिघडवणं, किंवा मजकूर ‘माणसासारखा’ करून देणाऱ्या आणखी एका यंत्रात घालणं, हे दोन्ही मी कधी सुचवणार नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. ‘डेल्व्ह’, ‘अंडरस्कोर’, ‘शोकेस’ असे शब्द २०२३ नंतर पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतल्या सारांशांत एकाएकी वाढले, आणि अशा जादा शब्दांच्या मोजणीवरून २०२४ चे किमान १३.५ टक्के सारांश यंत्राच्या हाताखालून गेले असावेत असा अंदाज अभ्यासकांनी काढला. हे शब्द तुमचे नसतील तर काढून टाका.

११. एआय वापरलं हे लेखात सांगावं लागतं का?

व्याकरण आणि शब्दलेखनापुरतं असेल तर बऱ्याच ठिकाणी सांगावं लागत नाही. त्यापलीकडे गेलात तर सांगावं लागतं. स्प्रिंगर नेचर ही प्रकाशनसंस्था भाषेच्या अशा सफाईची नोंद मागत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, जिला सगळे आयसीएमजेई म्हणतात, तिने मे २०२३ मध्ये सूचना घातली की लेखनाला मदत घेतली असेल तर आभारात तसं लिहा आणि सोबतच्या पत्रातही कळवा. ‘सायन्स’ या नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये एआयचा मजकूर पूर्ण नाकारला होता, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोंद करून वापरायला परवानगी दिली. नियम असे हलतात, म्हणून पाठवण्याच्या दिवशी त्या नियतकालिकाचं लेखकांसाठीचं पान उघडून वाचा. मित्राने मागच्या वर्षी काय केलं ते उपयोगाचं नाही.

शंका असेल तर सांगून मोकळं व्हा. नोंदीत चार गोष्टी हव्यात: साधनाचं नाव व आवृत्ती, कोणत्या भागासाठी वापरलं, कशासाठी वापरलं, आणि नंतर सगळा मजकूर लेखकांनी तपासला असून जबाबदारी त्यांची आहे. दोन वाक्यं पुरतात.

१२. मग त्याला सहलेखक करायचं का?

नाही. ‘कोप’ या प्रकाशन-नीतीवरच्या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. लेखक तोच, जो चूक झाल्यावर उत्तर देऊ शकतो.

१३. माझा प्रबंध रुग्णांवर आहे. मजकूर चॅटजीपीटीत घातला तर चालेल?

रुग्णाची ओळख पटेल असं काहीही घालू नका. नाव काढलं म्हणजे काम झालं असं नव्हे. ‘अमुक गावची ५२ वर्षांची विडी कामगार, दुर्मीळ आजार, अमुक महिन्यात दाखल’ एवढ्यावरून निपाणीत शेजारचा माणूसही ओळखेल. लहान गावांत ओळख लवकर पटते, हे मोठ्या शहरातल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेलं नसतं. तुम्ही रुग्णाची सही घेतलीत त्या संमतीपत्रात ही माहिती परदेशातल्या एखाद्या सेवेकडे जाईल असं लिहिलं होतं का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

चॅटजीपीटीच्या वैयक्तिक खात्यात, बंद केलं नाही तर, तुमचे संवाद पुढच्या प्रशिक्षणाला वापरले जाऊ शकतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं. बंद केलं तरी रुग्णांचे तपशील देऊ नयेत, हे माझं मत. केस रिपोर्ट असेल तर भाषेची सफाई माणसाकडून करून घ्या, किंवा तपशिलांच्या जागी खुणा घालून वाक्यरचना तेवढी तपासा. लँग्वेजटूलचा गाभा मुक्त स्रोत आहे आणि तो स्वतःच्या संगणकावर चालवता येतो. मजकूर बाहेर जातच नाही. संगणकशास्त्राची एखादी विद्यार्थिनी ओळखीची असेल तर ती तासाभरात बसवून देईल.

१४. मला एका नियतकालिकाने दुसऱ्याचा लेख परीक्षणाला पाठवलाय. माझं इंग्रजी परीक्षण सुधारायला तो लेख साधनात घालू का?

लेख घालू नका. तो तुमच्याकडे विश्वासाने आलेला अप्रकाशित मजकूर आहे. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने जून २०२३ मध्ये अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षकांना अशा साधनांची मनाई केली, ती याच कारणाने. तुमच्या अभिप्रायातली वाक्यं तपासायची असतील तर आधी नियतकालिकाला विचारा.

१५. माझे गाइड म्हणतात, एआय वापरलंस तर सही करणार नाही. शेजारच्या खोलीतले गाइड म्हणतात, आधी एआयला दाखव आणि मगच माझ्याकडे ये. कुणाचं खरं?

तुमच्या गाइडचं. सही त्यांची लागते म्हणून नव्हे. तुमच्या लेखावर त्यांचंही नाव असतं म्हणून. पण ‘एआय’ या एका शब्दाखाली दोघे वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असण्याची शक्यता आहे. एक परिच्छेद, त्याची सुधारित प्रत आणि बदलांच्या खुणा असलेली प्रत, अशी तीन पानं छापून घेऊन सरांकडे जा. ‘सर, इतकंच केलंय, चालेल का?’ असं विचारलं की बहुतेक वेळा चर्चा होते, वाद होत नाही. जे ठरेल ते मेलवर एका ओळीत लिहून पाठवा.

१६. मुलाखती मराठीत आणि कन्नडमध्ये घेतल्या. त्यातली वाक्यं इंग्रजीत आणताना साधन वापरू का?

भाषांतराचा पहिला खर्डा म्हणून, ओळख पुसून (प्रश्न १३), वापरता येईल. सफाईसाठी नको.

समजा, एखादी आजी म्हणाली, ‘पाऊस लागला की वाट बंद, मग बाळंतीण काय नि पेशंट काय, देवाच्या हवाली.’ साधन त्याचं करतं: पावसाळ्यात रस्त्यांच्या अभावी आरोग्यसेवेपर्यंत पोहोचण्यात अडथळे येतात. हे आजीचं वाक्य राहिलं नाही, सरकारी अहवालाचं झालं. तिचा राग, तिचं सोसणं आणि ‘देवाच्या हवाली’ हे सगळं गेलं, आणि गुणात्मक संशोधनात माहिती म्हणजे तेच. भाषांतर थोडं खडबडीत राहू द्या. मूळ वाक्य देवनागरीत किंवा कन्नड लिपीत परिशिष्टात द्या. कन्नड मुलाखती कन्नड मातृभाषा असलेल्या सहकाऱ्याकडून पडताळून घ्या. आपल्यापैकी अनेकांना बाजारापुरतं कन्नड येतं आणि त्यावरच आपण निभावून नेतो, पण एखाद्याच्या दुःखाचा अर्थ लावायला ते पुरत नाही. भाषांतर कुणी केलं, कुणी पडताळलं, हे पद्धतीच्या भागात लिहा.

१७. आम्ही तिघे सहलेखक. प्रत्येकाने वेगळं साधन वापरलं आणि लेख तीन माणसांचा दिसतोय.

शेवटचा हात एकाच्याच हातात द्या. आधी एका पानावर ठरवा: स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन, कोणत्या संकल्पनेला कोणता शब्द, एककं कशी. तो कागद प्रत्येक सूचनेसोबत साधनालाही द्या. एकदा सुधारलेला मजकूर पुन्हा दुसऱ्या साधनातून काढू नका. प्रत्येक फेरीत अर्थ थोडा सरकतो आणि तिसऱ्या फेरीनंतर मूळ काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

पाठवण्याआधी एकाने सबंध लेख छापून वाचावा. २०२४ मध्ये एका प्रकाशित लेखाची प्रस्तावना चक्क ‘सर्टनली, हिअर इज अ पॉसिबल इंट्रोडक्शन’ अशी सुरू झालेली जगभर फिरली. त्या लेखावर एकाहून अधिक लेखक होते.

१८. मोफत साधन पुरतं का?

पुरतं. परिच्छेदागणिक काम केलं तर मोफत वापराची मर्यादा सहसा आड येत नाही. मात्र देवनागरी मजकूर मोजणीत इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे मराठी खर्डे दिलेत तर मर्यादा लवकर संपते.

१९. सगळं केलं, तरी समीक्षकाने लिहिलंच: ‘इंग्रजी तज्ज्ञाकडून तपासून घ्या.’ आता अजून काय करू?

हा शेरा वाचून मुलं खचतात आणि लेख पुन्हा यंत्रात घालतात. थांबा. माझ्या अनुभवात असा शेरा आलेल्या निम्म्याहून जास्त लेखांत व्याकरण ठीक होतं. समीक्षकाला वाक्य कळत नव्हतं ते विचाराचा क्रम चुकल्यामुळे: आकडा आधी आणि तो कशाचा हे तीन ओळींनंतर, किंवा एका परिच्छेदात चार मुद्दे. आपल्याला मराठीत सगळी पार्श्वभूमी सांगून शेवटी मुद्द्यावर यायची सवय आहे. इंग्रजी शोधलेखात मुद्दा परिच्छेदाच्या पहिल्या ओळीत लागतो. हे व्याकरणाचं साधन दुरुस्त करत नाही, कारण त्याच्या लेखी प्रत्येक वाक्य बरोबरच असतं.

प्रत्येक परिच्छेदाची फक्त पहिली ओळ एका कागदावर उतरवून काढा आणि त्या ओळी सलग वाचा. गोष्ट पुढे सरकते का? जिथे अडखळाल तिथे परिच्छेद फोडा किंवा ओळ वर आणा. मग दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी चहाला बोलवा, भौतिकशास्त्र असेल तर वनस्पतिशास्त्रातल्या, आणि लेख मोठ्याने वाचून दाखवा. ‘थांब, म्हणजे काय?’ असं जिथे जिथे विचारतील तिथे समासात फुली मारा. समीक्षकाला उत्तर लिहिताना त्या फुल्यांच्या जागी काय बदललं ते ओळक्रमांकासह सांगा.